मुद्देमालातला साचा

नोकरीत माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक गुन्ह्यांचे नंबर मी विसरलो. त्या साच्याच्या गुन्ह्याचा नंबर अजून तोंडपाठ आहे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, पेपरात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. वरिष्ठांनी मला त्याबद्दल कधी जाब विचारला नाही. तरीही, तुमच्या हातून सर्वांत जास्त नुकसान कुणाचं झालं असं कुणी विचारलं, तर मला एकच माणूस आठवतो. त्याचं नाव इथे लिहिणार नाही. कुणाचंच लिहिणार नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. मी ठाण्यात पोलीस उपनिरीक्षक होतो. आमच्या हद्दीत औद्योगिक वसाहत होती आणि मंदीने तिचं कंबरडं मोडलं होतं. दर महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या कंपनीच्या फाटकाला कुलूप लागायचं. फाटकासमोर कामगार मांडव घालून बसायचे आणि मांडवासमोर आम्ही दोन शिपाई बसवायचो. एकदा तर बंदोबस्तावरच्या शिपायाचा सख्खा भाऊच मांडवात होता. दोघांनी एकाच डब्यातलं खाल्लं आणि मग आपापल्या जागी जाऊन बसले.

घरी बसलेल्यांतल्या कुणी रिक्षा घेतली, कुणी भाजी विकायला लागला, कुणी कोकणात नाहीतर साताऱ्याकडे गावी गेला. थोडे जण मात्र जिद्दीचे निघाले. दोघे-चौघे मिळून डोंबिवलीच्या एमआयडीसीत लहानसा गाळा घ्यायचे, जुनं मशीन आणायचे आणि कालपर्यंत दुसऱ्याच्या कंपनीत जे केलं तेच स्वतःच्या नावावर सुरू करायचे. अशांना हात दिला पाहिजे, मंदीतून बाहेर काढतील तर हेच लोक, असं पुढारी सभांतून सांगायचे. मी बंदोबस्ताला उभा राहून ऐकायचो आणि मनात हसायचो. पोलिसाचं डोकं वेगळं चालतं. काल नोकर होता तो आज मालक कसा झाला, हा माझा पहिला प्रश्न असे.

अशात एका दुपारी ठाणे अंमलदाराने एका माणसाला माझ्यासमोर आणून उभं केलं. पंख्याचे रेग्युलेटर बनवणारी एक कंपनी आमच्या हद्दीत वर्षभर बंद होती, तिथला हा मशीन ऑपरेटर. इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली. मांडवात नुसतं बसायला येतानाही ही माणसं कामावर निघाल्यासारखी नीटनेटकी यायची.

"साहेब, आमच्या कंपनीचा साचा चोरीला गेलाय," तो म्हणाला. "कुठंय तो मी काल डोळ्यांनी बघून आलेलो आहे."

साचा म्हणजे काय ते मला त्यानेच समजावलं. रेग्युलेटर फिरवायची जी गोल प्लॅस्टिकची मूठ असते, नॉब, ती पोलादी साच्यातून निघते. चांगला कारागीर एक साचा बनवायला महिनोन्‌महिने खपतो. साचा हाताशी असेल तर धंदा होतो, नसेल तर मशीन नुसतं उभं. कंपनीच्या टूलरूममध्ये साचे बनवणारे एक मेस्त्री होते. कंपनी बंद झाल्यावर त्यांनी तिघा जुन्या सहकाऱ्यांना घेऊन डोंबिवलीत गाळा टाकला होता. हा ऑपरेटर तिथे काम मागायला गेला, तेव्हा साचा उघडून सफाई चालली होती.

"मागच्या पाटावर खूण होती साहेब. एक आडवी रेघ, वर तीन ठिपके. कंपनीच्या प्रत्येक साच्याला असते ती. दहा वर्षं मी तेच साचे चालवलेत."

"तुला काम दिलं का त्याने?"

"कळवतो म्हणाला."

"म्हणून राग आला तुला."

"राग नाही हो साहेब. एकेक साचा असा बाहेर जायला लागला, तर आमची कंपनी उघडणार कशी?"

हे तो अगदी मनापासून बोलला. ती कंपनी पुन्हा कधी उघडणार नाही हे सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं, मांडवातल्यांना सोडून.

मी कंपनीच्या मॅनेजरला बोलावलं. त्याने गोदाम उघडून दाखवलं. एकेक साचा उघडून पाहिला. सगळ्यांवर तीच खूण, एक रेघ आणि तीन ठिपके. यादीशी मोजून पाहिलं तर नॉबचा एक साचा खरोखरच कमी होता. मॅनेजरने फिर्याद दिली. नोकराने केलेली चोरी, भादंवि कलम ३८१. सुतावरून स्वर्ग गाठायला मला एवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशन डायरीला नोंद करून, दोन पंच आणि एक हवालदार घेऊन मी डोंबिवलीला गेलो. हवालदार दिव्याकडचे, आगरी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. गाळा असा की चार माणसं आणि एक मशीन आत, पाचवा माणूस दारात. मशीन चालू होतं. एक जण हातदांडा ओढत होता, दुसरा निघालेल्या नॉबच्या कडा ब्लेडने साफ करत होता. भिंतीला एका मोठ्या कंपनीचं पत्र चिकटवलेलं होतं. नमुना पास झाला आहे, पहिला माल दिवाळीच्या आत पोहोचवा, तो वेळेवर आला तर पुढचं वर्षभराचं काम तुम्हालाच, असा त्याचा मजकूर. गणपती दहा-बारा दिवसांवर आले होते.

मेस्त्री पंचेचाळिशीचे होते. कळव्याच्या खाडीकाठच्या कोळी घरातले, आयटीआय शिकलेले घरातले पहिलेच. मी त्यांना तेव्हा अरे-तुरे केलं. आज लिहिताना ते जमत नाही.

साचा मशीनवरून उतरवून पंचनामा केला. टेबलाच्या खणात एक कागद सापडला. त्यावर बारा जणांची नावं आणि पुढे पत्ते होते.

"हे कोण?" मी विचारलं.

"आमच्याच कंपनीतले आहेत, घरी बसलेत. ऑर्डर पक्की झाली की दुसरं मशीन घेणार, तेव्हा यांना बोलवायचंय."

मी तो कागदही जप्त केला. मला ती साथीदारांची यादी वाटली. यादीत चौथं नाव माझ्या खबऱ्याचं, त्या ऑपरेटरचं होतं. ते मी वाचलं आणि काय अनुमान काढलं? तर हा मेस्त्री मोठा धूर्त आहे, संशय पसरवायला भलतीच नावं घालून ठेवतो. मनात एकदा ठरलं की समोरचा कागदसुद्धा आपल्याला हवं तेच बोलायला लागतो.

मेस्त्रींना अटक केली, दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. मी हात उगारला नाही, एवढं खरं आहे. पण समोर बसवून तेच तेच विचारत राहिलो.

"साच्यावरची खूण कुणाची?"

"माझी."

"आणि कंपनीतल्या साच्यांवरची?"

"ती पण माझीच. ते सगळे मीच बनवलेत ना साहेब."

"म्हणजे हाही तिथलाच."

"नाही साहेब. हा मी गाळ्यात बनवलाय. सहा महिने बसलेलो त्याच्यावर. भंगारातून पोलादाचा ठोकळा आणलेला."

"बिल दाखव."

"भंगारवाला कधी बिल देतो का?"

"मग कंपनीतला नॉबचा साचा गेला कुठे?"

"ते मला कसं माहीत असणार? मी त्या फाटकाच्या आत परत गेलेलोच नाही."

मी जबाबात लिहिलं, 'सदर खूण आपण स्वतः केल्याचे आरोपीने मान्य केले.' वाक्य अक्षरशः खरं होतं. त्यातून निघणारा अर्थ साफ खोटा होता, आणि ते कळण्याइतका मी शहाणा असायला हवा होतो. मेस्त्रींनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही अर्धंच लिहिलंत साहेब." मी म्हटलं, तेवढंच लागतं.

जामीन झाला. मग ऑपरेटर सोडून यादीतल्या बाकी अकराजणांना मी एकेक करून ठाण्यात बोलावलं. कुणाला काही माहीत नव्हतं. पण सकाळी बोलावलेला माणूस दुपारपर्यंत आमच्या बाकावर बसला की शेजारीपाजारी कुजबुज होते, बायको घाबरते. त्यातल्या एकानेही पुन्हा डोंबिवलीच्या त्या गाळ्याची पायरी चढली नाही. आधीच नोकरी नाही, त्यात पोलिसांचं बोलावणं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

साचा परत मिळावा म्हणून मेस्त्रींच्या वकिलाने कोर्टात अर्ज दिला. खटला संपेपर्यंत जप्त वस्तू हमी घेऊन ताब्यात देण्याची सोय असते, त्याला सुपुर्दनामा म्हणतात. कोर्टाने पोलिसांचं म्हणणं मागवलं. अशा अर्जांवर लिहायचं एक ठरलेलं वाक्य आमच्याकडे होतं, 'वस्तू परत दिल्यास पुराव्यात फेरफार होण्याची शक्यता आहे.' मी ते शेकडो वेळा लिहिलं असेल. त्याही दिवशी लिहिलं, सही केली, चहा घेतला.

कोर्टाच्या व्हरांड्यात मेस्त्री माझ्याजवळ आले. हात जोडले नाहीत, रडले नाहीत. एखाद्या कामाचा तोडगा सुचवावा तसं म्हणाले, "साहेब, साचा तुमच्याच ताब्यात राहू दे. फक्त दीड महिना मशीनवर लावू द्या. पाहिजे तर शिपाई बसवा शेजारी. त्याच्या चहापाण्याचं मी बघीन. माल एकदा गेला की उचलून न्या परत."

मी हसलो. "पोलीस काय तुझे नॉब मोजायला आहेत?"

आज वाटतं, इतका साधा, सरळ उपाय मला माझ्या सगळ्या नोकरीत दुसऱ्या कुणी सुचवला नसेल. कोर्टापुढे तो मी मांडला असता, तर कदाचित मान्यही झाला असता. मी मांडला नाही. अर्ज नामंजूर झाला.

मग गणपतीचा बंदोबस्त लागला. विसर्जन उरकलं तोवर नवरात्र आलं. आमच्या अर्ध्या ठाण्याची रवानगी टेंभी नाक्याला झाली. देवीच्या रांगेत बायकांच्या गळ्यातली मंगळसूत्रं सांभाळण्यात माझे नऊ दिवस गेले. तपासाचे कागद कपाटात जसेच्या तसे. दसरा झाल्यावर दोषारोपपत्र तयार करायला घेतलं तेव्हा ध्यानात आलं, मेस्त्रींच्या घरच्यांचे जबाबच राहिले आहेत. एवढ्यासाठी मी हवालदारांना घेऊन पहिल्यांदा कळव्याला गेलो. सुरुवातीची घरझडती हवालदारांनी एकट्यानेच केली होती आणि 'आक्षेपार्ह काही मिळून आले नाही' असा पंचनामा आणून दिला होता.

घर अगदी खाडीच्या कडेला होतं. ओट्यावर जाळं वाळत पडलेलं. मेस्त्रींची बायको जाळ्याच्या फाटलेल्या जागा विणत बसली होती. तिने उठून पाणी दिलं. तांब्या ओठाला लावला आणि माझी नजर जाळ्याच्या कडेला गेली. जाळं तरंगतं राहावं म्हणून त्याला लाकडाचे ठोकळे बांधलेले असतात. प्रत्येक ठोकळ्यावर तापल्या सळईने डाग दिलेला होता. एक आडवी रेघ. वर तीन ठिपके.

"हे काय आहे, बाई?"

"ती आमचे सासऱ्याची खूण," ती म्हणाली. "खाडीन समद्यांची जाली एकाच जागी टाकतान. कंचा कोनाचा कलाया नको? आमचे घरान सगल्यावर हीच खूण. वल्ह्यावर पन हाय, बगा."

वल्ह्यावर होती. मासळीच्या टोपलीच्या काठावर होती. ओट्यावरच्या पाटावरही होती. बापाने जाळ्यावर जी खूण केली, तीच मुलगा पोलादावर करत आला होता. टूलरूममध्ये कारागिराने आपली खूण कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी ठोकून ठेवायची जुनी रीत असते, हे मला नंतर समजलं. ऑपरेटर दहा वर्षं ती पाहत आला आणि कंपनीचा शिक्का समजत राहिला. त्याचं मी समजू शकतो. मला तर मेस्त्रींनी स्वतः सांगितलं होतं.

परतताना मी हवालदारांवर तापलो. "झडतीला आलात तेव्हा हे इथे नव्हतं का?"

"व्हता ना साहेब. हितंच व्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोललात, लोखंड बगा. मी लोखंड बगितला."

थोडं पुढे गेल्यावर तेच म्हणाले, "साहेब, यानं नाय चोरला, तर त्यो दुसरा साचा गेला कुटं? फाटकावरच्या वॉचमनला तरी कोनी इचारला का?"

कुणीच विचारलं नव्हतं. चोर सापडलाच आहे म्हटल्यावर चोरी झाली का हे कोण विचारतो? दुसऱ्याच दिवशी आम्ही वॉचमनच्या केबिनमधलं बाहेर जाणाऱ्या मालाचं पुस्तक काढलं. कंपनी बंद व्हायच्या आठवडाभर आधीची नोंद सापडली. नॉबचा साचा, क्रोमचा मुलामा देण्यासाठी, विठ्ठलवाडी. खाली मॅनेजरचीच सही.

विठ्ठलवाडीला पत्र्याच्या शेडमध्ये मुलामा देणारा म्हातारा शेठ पोत्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "ले जाओ ना साहब, किती दिवस झाले! फोन केला, कोणी उठवत नाय. मी काय डोक्यावर ठेवू काय त्याला?" पोती बाजूला केली. साचा तिथे होता. चकचकीत मुलामा दिलेला, कागदात गुंडाळलेला, वर कंपनीची चिठ्ठी. चोरी झालेलीच नव्हती. आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देतो असं लोक म्हणतात. इथे तर चोर मुळात नव्हताच.

मी त्याच आठवड्यात अहवाल पाठवला. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा, 'क' समरी, म्हणजे खटला न चालवता गुन्हा बंद करायची परवानगी, मंजूर व्हावी. जप्त साचा आरोपीला द्यायला हरकत नाही असंही लिहिलं. पण पोलिसाने एकदा हरकत लिहिली की दुसऱ्या दिवशी अर्ज नामंजूर होतो, आणि हरकत नाही लिहिलं की तारखा पडत जातात. दिवाळी गेली. डोंबिवलीहून दिवाळीत माल गेला नाही म्हणून त्या मोठ्या कंपनीने काम दुसऱ्याला दिलं. मेस्त्रींचे तिघे भागीदार एकेक करून पांगले. संक्रांतीला गाळा सुटला, मशीन ज्याच्याकडून आणलं होतं त्याच्याकडे परत गेलं.

मी मांडवात जाऊन ऑपरेटरला शोधलं. कंपनीचा साचा विठ्ठलवाडीला मिळाला हे सांगितलं, आणि ती बारा नावांची यादीही दाखवली. ती दाखवायची गरज नव्हती. मला वाटतं, माझ्या अंगावरचं ओझं थोडं त्याच्या अंगावर टाकावं असं मला झालं असणार. त्याने चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"कळवतो बोललेला तो," तो म्हणाला. "मला वाटलं टाळतोय. आणि आपली कंपनी उघडेल असं वाटलेलं साहेब."

त्याला मी दोष देत नाही. बंद पडलेलं राखायच्या नादात नव्याने उभं राहणारं पाडायचं, ही चूक त्याने एकट्याने केली नाही. माझ्या वर्दीने तीच केली, तीही कायद्याच्या भाषेत आणि सहीशिक्क्यानिशी. मोठी कंपनी वर्षभर कुलूपबंद राहिली तरी कंपनीच असते, तिला मॅनेजर असतो, वॉचमन असतो, तिच्या बाजूने धावायला आम्ही असतो. गाळ्यातला माणूस दोन महिने थांबला की संपतो. मंदीच्या दिवसांत अशा माणसाला काय काय द्यावं यावर आता मोठमोठी व्याख्यानं होतात, आणि त्यांना मी आता हसत नाही, ती नीट ऐकतो. माझं म्हणणं त्यात अगदी लहान आहे. त्याचं चालू मशीन थांबवण्यापूर्वी एकदा त्याच्या घरी जाऊन या. मी गेलो, पण दसऱ्यानंतर, वरातीमागून घोडं घेऊन. पुढच्या नोकरीत ते ठरलेलं वाक्य मी पुन्हा आंधळेपणाने लिहिलं नाही. हाताखालच्यांनी लिहून आणलं तर आधी विचारायचो, वस्तू नेल्याने कुणाचं काय बंद पडलंय? काहीजण मला त्यावरून नावं ठेवायचे.

साचा परत द्यायचा हुकूम आला तेव्हा होळी झाली होती. मेस्त्री सकाळी एकटेच आले. तोपर्यंत ते वसाहतीतल्या दुसऱ्या एका टूलरूममध्ये नोकरीला लागले होते, रजा काढून आले होते. मी खुर्ची दिली. "बसा मेस्त्री," म्हणालो. त्या माणसाला मी पहिल्यांदा अहो-जाहो करत होतो, आणि ते दोघांनाही जाणवलं.

हवालदारांनी मुद्देमालाच्या खोलीतून साचा आणला. त्या खोलीचा एक कोपरा पावसात गळायचा, आणि नेमका त्याच कोपऱ्यात तो ठेवलेला. मेस्त्रींनी तो टेबलावर उघडला. आतला भाग, जो आरशासारखा गुळगुळीत लागतो, तांबूस झाला होता. त्यांनी करंगळीने एका खळगीत फिरवून पाहिलं. गंज नुसता वर बसलेला नव्हता, पोलाद खाल्लेलं होतं.

"आता यातून नॉब नाही निघायचा," ते मला नाही, स्वतःलाच म्हणाले.

मी पावती पुढे सरकवली. छापील पावती, वर्षानुवर्षं तीच. ते सावकाश वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आले. 'वरील मुद्देमाल सुस्थितीत परत मिळाला. माझी काही तक्रार नाही.'

"साहेब, हे असंच लिहायला लागतं?"

"छापील आहे मेस्त्री."

त्यांनी खिसे चाचपले. मी माझं पेन दिलं. त्यांनी वळणदार अक्षरात सही केली, तारीख घातली. त्या ओळीवर एक रेघ मारायला मला कुणी अडवलं नसतं. पावती माझ्यासमोर होती आणि अधिकारही माझाच होता. मेस्त्रींनी टोपण लावून पेन मला परत दिलं, आणि मी ते खिशाला लावलं.